आधी कान, मग काडतूस

रेंजवर नवीन आलेला माणूस पहिल्या चहालाच विचारतो, "काका, पिस्तूल कुठलं घेऊ?" पार्दिनी, मोरिनी, वॉल्थर, हॅमर्ली ही नावं त्याला तोंडपाठ असतात. मी उलट विचारतो, "कानाला काय लावतोस?" मग गडी अडखळतो. "ते काय, भिंतीला टांगलेले असतात ना, त्यातलंच एखादं." आणि गोळ्या? "मिळतील त्या." म्हणजे लाखांचा विचार पिस्तुलाचा, आणि ज्या दोन गोष्टींवर पहिली दोन वर्षं त्याचे गुण ठरणार आहेत, त्या भिंतीवरच्या खुंटीवर आणि नशिबावर सोडलेल्या.

माझा डावा कान या विषयाची रोज उजळणी घेतो. कॉलेजात असताना एका शिबिरात आम्ही .३०३ रायफल चालवली. कानात कापसाचे बोळे होते, तेही ज्यांना आठवण राहिली त्यांच्याच. उजव्या खांद्याला रायफल लावली की डोकं थोडं वळतं, उजवा कान दस्त्याच्या आणि गालाच्या आडोशाला जातो आणि डावा कान नळीच्या तोंडाकडे होतो. म्हणून जुन्या रायफलवाल्यांचा डावा कान आधी जातो. माझाही गेला. पूर्ण बहिरा नाही. रात्री घर शांत झालं की त्यात एक बारीक शिट्टी वाजत राहते, एवढंच. पण लग्नाच्या पंगतीत डाव्या हाताला बसलेल्या पाहुण्याने "साठ" म्हटलं की "पाठ", "काठ" की "ताठ", हे मला त्याच्या ओठांकडे बघून ठरवावं लागतं.

पिस्तुलात हा डावा-उजवा भेद फारसा राहत नाही. हात पुढे ताणलेला, तोंड समोर, दोन्ही कान बाराला सारखेच उघडे. त्यामुळे तोटा दोन्हीकडे समान.

हा लेख आहे तो नेमबाजी खेळ म्हणून शिकणाऱ्यांसाठी. आपल्याकडे हातातल्या हत्यारावर सराव करायचा तर १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ ची शस्त्र नियमावली पाळूनच. बहुतेक जण १० मीटर एअर पिस्तुलापासून सुरुवात करतात. ४.५ मिलिमीटर कॅलिबर आणि २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा या मर्यादेतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. पुढची पायरी २५ मीटरवरच्या .२२ ची, म्हणजे रेंजवरच्या भाषेत 'पॉइंट टू-टू'ची. नवशिका तिथे क्लबचं पिस्तूल आणि क्लबच्या गोळ्या, क्लबच्या देखरेखीखाली वापरतो. त्यापुढे काही जण सेंटर फायरकडे वळतात, तिथे .३२ चालतं. सिनेमातली ९ मिलिमीटर आपल्याकडे सामान्य माणसाच्या परवान्यावर येत नाही, तेव्हा तिची चर्चा चहापुरती ठेवावी. या खेळाची राष्ट्रीय संघटना, नॅशनल रायफल असोसिएशन, १९५१ साली ग. वा. मावळंकरांनी उभी केली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष ते हेच. त्यांच्या नावाच्या स्पर्धेतून आजही पोरं-पोरी राष्ट्रीय पातळीकडे जातात. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई खेळांत सुवर्ण मिळवलं ते २५ मीटर पिस्तुलातच. एशियाडमध्ये नेमबाजीचं सुवर्ण घेणारी ती पहिली भारतीय महिला. तिच्यानंतर आमच्याकडे .२२ शिकायला येणाऱ्या मुलींची संख्या वाढली, आणि त्यांच्याबरोबर येऊन मागच्या बाकावर उघड्या कानांनी बसणाऱ्या आईवडिलांचीही. त्यांच्याकडे पुढे येतो.

आता आवाजाचं बघू. ".२२ चा तो काय आवाज!" असं म्हणणारा एक तरी अनुभवी माणूस प्रत्येक क्लबात असतो. त्याचं ऐकू नका. .२२ आणि .३२ पिस्तुलाचा बार नेमबाजाच्या कानाशी मोजला तर साधारण १५० डेसिबलच्या घरात जातो. ९ मिलिमीटरचा १६० च्या आसपास. अशा एका क्षणात होऊन संपणाऱ्या स्फोटक आवाजासाठी मोठ्या माणसाच्या कानाची मर्यादा धरतात १४०. लहान मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटना १२० म्हणते. दिवाळीच्या फटाक्याशी ताडून पाहा. आपल्या देशात फटाक्याला जी आवाजाची हद्द घातली आहे ती फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १४५ डेसिबल इतकी आहे. चार मीटरवर! सुतळी बॉम्बची वात पेटवून आपण पळतो, कानांवर हात ठेवतो. पिस्तुलाची नळी हातभर अंतरावर असते, आणि पळायची सोय नसते. बरं, दिवाळीत किती फोडणार? इथे एका सकाळी साठ बार आरामात होतात, शेजारच्या लेनचे वेगळेच.

डेसिबलचा हिशेब फसवा असतो. १५० आणि १४० यांत दहाचा फरक दिसतो, पण दर दहा डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते. म्हणजे १४० च्या रेषेवरून १५० वर जाणं हे घाटातली एक पायरी चढणं नव्हे, अख्खा घाट चढणं आहे.

आणखी एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. तेच .२२ चं काडतूस रायफलीतून झाडलं तर आवाज कमी होतो, पिस्तुलातून जास्त. रायफलीच्या लांब नळीत दारू जळून वायूचा दाब पुष्कळ उतरतो. पिस्तुलाच्या छोट्या नळीतून गोळी सुटते तेव्हा मागचा वायू अजून जोरात असतो, आणि तो तोंडाशी फुटतो. त्यात आपल्या बऱ्याच रेंजवर गोळीबाराच्या रांगेवर पत्र्याचं छप्पर आणि दोन बाजूंना भिंती. आवाज तिथे आदळून परत येतो. नळीच्या टोकाला झटका कमी करायला भोकं पाडलेली पिस्तुलं असतात. त्यांतून वायू वर आणि बाजूला सुटतो, म्हणजे मालकापेक्षा शेजाऱ्याला प्रसाद अधिक. शेजारची लेन अशी असेल तर विनासंकोच जागा बदलून मागावी.

कानाच्या आत, शंखासारख्या वळलेल्या पोकळीत, आवाज टिपणाऱ्या केसपेशी असतात. जन्माला येताना मिळालेल्या तेवढ्याच. मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. स्फोटक आवाजाने आधी जातात त्या ४००० हर्ट्झच्या आसपासच्या. म्हणून गोळीबाराने बाद झालेला कान गाडीचा हॉर्न व्यवस्थित ऐकतो, ढोल ऐकतो, पण 'स', 'थ', 'फ', 'क' चुकवतो. माणसाला वाटतं समोरचा पुटपुटतोय. बायकोशी भांडणं याच टप्प्यावर सुरू होतात. सरावानंतर कानात गुंजारव वाटला, कापूस भरल्यासारखं झालं आणि संध्याकाळपर्यंत मोकळं झालं, तर "झालं बरं" म्हणून सोडू नका. त्या दिवशी तुमचं संरक्षण कमी पडलं, एवढा त्याचा अर्थ आहे. दुसऱ्या दिवशीही कान मोकळा झाला नाही तर कानाच्या डॉक्टरकडे त्याच दिवशी जायचं. अचानक गेलेल्या ऐकण्यावर उपचार जितके लवकर तितके उपयोगी.

कानाला लावायच्या साधनांत स्वस्त आणि उत्तम चीज म्हणजे फोमचे इअरप्लग. मात्र ते बसवता आले पाहिजेत. मी पाहतो त्यांतले निम्मे लोक प्लग कानाच्या दारात नुसते टेकवून ठेवतात, बाटलीला बूच लावल्यासारखे. असा अर्धा बाहेर डोकावणारा प्लग जवळजवळ शोभेचाच. रीत अशी: स्वच्छ बोटांनी प्लग समईच्या वातीसारखा वळायचा, बारीक, सरळ, सुरकुती न पडता. मग दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची. कानाची नळी वाकडी असते, ती यामुळे सरळ होते. वात आत सारायची आणि बोटाने वीस-तीस सेकंद धरून ठेवायची, फोम फुलेपर्यंत. नीट बसला की स्वतःचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा येतो. शंका असेल तर दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबून बघा. दाबल्यावर आवाज आणखी बराच कमी झाला तर प्लग बसलेला नाही. काढा, पुन्हा वळा. ज्यांच्या कानाची नळी बारीक आहे त्यांना, विशेषतः मुलींना आणि किशोरांना, नेहमीच्या मापाचे प्लग आत जातच नाहीत. लहान माप मिळतं, ते मागावं. श्रवणतज्ज्ञाकडे कानाचा साचा घेऊन स्वतःच्या मापाचे प्लगही करून मिळतात. रोज रेंजवर जाणाऱ्याला ते परवडतात.

इअरमफ म्हणजे हेडफोनसारखे कान झाकणारे वाटे. बसवायला सोपे, म्हणून नवशिक्याला आवडतात. त्यांचा शत्रू फट. चष्म्याची जाड काडी, कानातले डूल, टोपीची कड, केसांची जाड बट, यांतलं काहीही उशीखाली आलं की फट पडते आणि बार तिथून शिरतो. नेमबाजीत डोळ्यांना चष्मा हवाच, तेव्हा काडी बारीक आणि चपटी घ्या. मे महिन्यात घामाने उशी चिकचिकते, वर्ष-दोन वर्षांत तिचं रेक्झिन कडक होऊन तडकतं. उशा बदलता येतात; क्लबच्या खुंटीवरच्या मफच्या उशा कुणी बदलल्यात का, हे एकदा बोटाने दाबून बघा. माझा सल्ला: आपला मफ आपलाच असावा. दुसऱ्याचा घाम आणि कानातली बुरशी दोन्ही टळतात. पावसाळ्यात, कोकणात तर अधिकच, कानात बुरशी धरायचं प्रमाण वाढतं. कान खाजत, वाहत असेल तर प्लग कोंबू नये, मफवर भागवावं आणि तोवर एअर पिस्तूल चालवावं.

पाकिटावरचा आकडा कसा वाचायचा हेही सांगतो. अमेरिकी मालावर एनआरआर आणि युरोपी मालावर एसएनआर नावाचा आकडा असतो, डेसिबलमध्ये. फोमवर तो ३० च्या आसपास, चांगल्या मफवर २५ च्या. तो प्रयोगशाळेतला आकडा. माणूस स्वतः घाईत लावतो तेव्हा तेवढा मिळत नाही. अमेरिकेतली कामगार-आरोग्य संशोधन संस्था, नायोश, सुचवते की मफच्या एनआरआरमधून पाव भाग आणि फोमच्या एनआरआरमधून निम्मा भाग वजा करून धरा. म्हणजे ३० चा फोम हिशेबाला १५. बार १५५ चा असेल तर कानाशी उरले १४०, अगदी कुंपणावर. २५ चा मफ हिशेबाला एकोणीसच्या आसपास, उरले १३६. दोन्ही एकावर एक लावले तर आकड्यांची बेरीज होत नाही, हे ध्यानात ठेवा. जे साधन जास्त रोखतं त्यात साधारण ५ मिळवायचे, कारण काही आवाज कवटीच्या हाडातूनच आत पोचतो, तिथे बूच चालत नाही. पण ते पाच डेसिबल लाखमोलाचे. बंदिस्त रेंजवर, .३२ चालवताना, किंवा शेजारी कुणी मोठा बार काढत असेल तेव्हा खाली फोम आणि वर मफ हीच माझी सवय आहे. नवशिक्याला तर मी पहिले सहा महिने दोन्ही लावायला लावतो. त्याचं कारण नुसतं कान वाचवणं नाही, ते पुढे.

इलेक्ट्रॉनिक मफ हल्ली पुष्कळ दिसतात. आतल्या माइकमुळे बोलणं ऐकू येतं, बार झाला की आवाज आपोआप दाबला जातो. कोचसाठी, रेंज अधिकाऱ्यासाठी झकास वस्तू. पण स्पर्धेत उतरणाऱ्याने त्याची सवय लावून घेऊ नये. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत खेळाडूच्या कानावर आवाज ग्रहण करणारं कोणतंही यंत्र चालत नाही. बॅटरी काढून वापरतो म्हटलं तरी पंचाशी वाद ओढवून घ्यायचा कशाला? साधा मफ घ्या आणि हुकूम ध्वनिक्षेपकावरून ऐकायची सवय करा. २५ मीटरच्या जलद फेरीत तर तीन सेकंद हिरवा दिवा आणि सात सेकंद लाल, सगळा खेळ डोळ्यांचाच.

पॅरिस २०२४ मध्ये तुर्कस्तानच्या युसुफ दिकेचचा फोटो जगभर फिरला. एक हात खिशात, साधा चष्मा, मोठा मफ नाही. आमच्याकडच्या दोन उत्साही पोरांनी दुसऱ्याच दिवशी .२२ च्या लेनवर मफ काढून ठेवले. त्यांना दोन गोष्टी दाखवाव्या लागल्या. एक, तो एअर पिस्तूल चालवत होता, त्याच्या फटकाऱ्यात कान फोडायची ताकद नाही. दोन, फोटो मोठा करून बघितला तर त्याच्या कानांत छोटे पिवळे प्लग दिसतात. दहा मीटरवर प्लग लावायचे ते हॉलमधल्या गलक्यापासून मन बाजूला काढायला.

आणि इथेच कान आणि नेम यांची गाठ पडते. पिस्तुलात सगळ्यात जास्त गुण जातात ते दचकण्यात. चाप दाबताना बार होणार हे शरीराला ठाऊक असतं. ते आधीच मनगट खाली दाबतं, खांदा आवळतं, डोळा मिटतं. गोळी सात वाजताच्या दिशेला, खाली डावीकडे. लोक याला झटक्याची भीती समजतात. .२२ मॅच पिस्तुलाला झटका असतो कितीसा? शरीर घाबरतं ते आवाजाला. शंका असेल तर एका जोडीदाराला मॅगझिन भरायला सांगा; पाच-सहा गोळ्यांत मध्येच कुठेतरी एक डमी काडतूस, तुम्हाला न सांगता. डमी आलं की बार होत नाही, पण पिस्तुलाचं नाक खाली बुडताना सगळ्या रेंजला दिसतं. अशा वेळी कोच ओरडत नाही, नुसता हसतो. मग फोमवर मफ चढवा, आठवडाभर असाच सराव करा, आणि पुन्हा डमीची परीक्षा घ्या. आवाज अर्ध्यावर आला की बोट आपोआप सावकाश होतं. पिस्तुलाची मूठ बदलून, चापाचे स्क्रू फिरवून जे सुधारत नाही, ते पन्नास पैशांच्या फोमने सुधारताना मी अनेकदा पाहिलंय. पन्नास पैसे ही अतिशयोक्ती झाली. पण फार नाही.

आता काडतूस. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासूनचं. त्याची पेटवणारी रसायनं बुडाच्या कडेत भरलेली असतात, म्हणून रिमफायर. गोळी शिशाची, ४० ग्रेन, म्हणजे अडीच ग्रॅमहून थोडी जास्त. दुकानात किंवा क्लबच्या कपाटात याचे मुख्य दोन प्रकार दिसतात: स्टँडर्ड व्हेलॉसिटी आणि हाय व्हेलॉसिटी. नवा माणूस 'हाय' वाचून भाळतो. रेंजवरच्या पिस्तुलाला ते नकोच. लक्ष्यवेधी पिस्तुलांच्या स्प्रिंगा स्टँडर्डच्या जोराला धरून बसवलेल्या असतात. बनवणारे स्वतः तेच वापरायला सांगतात. जोरदार काडतुसाने स्लाइड किंवा बोल्ट मागे जास्त आपटतो, भाग लवकर झिजतात, हातात उसळी वाढते, आणि कानावरचा मारही थोडा वाढतो. २५ मीटरवर त्या वाढीव वेगाचा उपयोग शून्य. कागदाला भोक पाडायचंय.

आणखी एक नियम: गोळी शिशाची किंवा तशाच मऊ धातूची हवी. तांब्याचा मुलामा दिलेली चकचकीत गोळी बघून खूश होऊ नका, पंच तपासतात.

स्टँडर्डमध्येही पुष्कळ नावं आहेत. बर्मिंगहॅमची एली, जर्मनीची आरडब्ल्यूएस आणि एसके, फिनलंडची लापुआ, अमेरिकेची सीसीआय. घरचं म्हणाल तर खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. काडतुसाच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरं दिसली की ओळखावं. काही कंपन्या 'पिस्टल मॅच' असं वेगळं काडतूस काढतात. रायफलीच्या मॅच काडतुसावर मेण किंवा चरबीचा थर जाड असतो, ते एकेक करून हाताने भरायला उत्तम. पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये तो थर साचतो, पाचव्या गोळीला काडतूस तिरकं उभं राहतं. पिस्तुलासाठी मी पहिला निकष धरतो तो अचूकतेचा नव्हे, अडकण्याचा. जलद फेरीत एक जॅम झाला की मन त्या फेरीतून बाहेर पडतं. मग काडतूस किती का अचूक असेना.

अचूकतेचं वेड नवशिक्याला परवडत नाही आणि उपयोगीही पडत नाही. २५ मीटरच्या अचूक फेरीच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं. बऱ्यापैकी स्टँडर्ड काडतूस रेतीच्या पिशवीवर टेकवलेल्या पिस्तुलातून त्या वर्तुळात सहज बसतं. तुमचा हात अजून आठच्या वर्तुळात हिंडतोय. तेव्हा महागडं मॅच काडतूस घेऊन तीस गोळ्या झाडण्यापेक्षा मध्यम काडतुसाच्या शंभर झाडलेल्या बऱ्या. ५४०-५५० च्या पुढे गुण स्थिरावले की मग वरच्या दर्जाचं बघा, आणि तेही स्पर्धेपुरतं.

निवड करायची पद्धत सोपी आहे, लोक ती करत नाहीत एवढंच. दोन-तीन प्रकारच्या प्रत्येकी एकेक पन्नासची डबी मिळवा. प्रकार बदलताना नळी पुसून घ्या, आणि नव्या प्रकाराच्या पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजू नका. प्रत्येकाचं मेण वेगळं, नळीत नवा थर बसेपर्यंत गोळ्या भरकटतात. मग टेकू लावून पाच-पाचचे चार ग्रुप कागदावर काढा. शेजारी वहीत लिहा: किती अडकल्या, किती फुटल्या नाहीत, रिकामी पुंगळी एकाच बाजूला पडते की तोंडावर येते. डबीवरचा लॉट नंबरही लिहा. एकाच नावाचे दोन लॉट दोन सख्ख्या भावांसारखे असतात, चेहरा एक, वागणं निराळं. जमलं तर एका मोसमाचा साठा एकाच लॉटचा घ्या, अर्थात परवान्यावर किंवा क्लबच्या कोट्यात जेवढं बसेल तेवढाच. आणि एका मॅगझिनमध्ये दोन प्रकार मिसळू नका. ही चूक मी केलेली आहे, एका जिल्हा स्पर्धेत, डबी संपली म्हणून. दोन प्रकार, दोन उंच्या. पाचात दोन गोळ्या वर गेल्या आणि मी दहा मिनिटं साइटचे स्क्रू फिरवत बसलो.

.३२ वाल्यांसाठी थोडक्यात. सेंटर फायरमध्ये चालतं ते .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, वॉडकटर गोळीचं. तिचं नाक सपाट असतं, कागदातून पंचिंग यंत्रासारखं स्वच्छ भोक पडतं, आणि वर्तुळाच्या रेषेला शिवलं की नाही यावर वाद होत नाही. गोल नाकाची गोळी कागद फाडते, आणि त्या फाटक्या कडेत गुण हरवतात.

बार न होणं आणि बार पोचट होणं, या दोन्हींचा संबंध कानाशी आहे म्हणून इथे सांगतो. चाप दाबला आणि नुसता 'टक' झाला तर पिस्तूल समोर टार्गेटच्या दिशेलाच धरून निदान तीस सेकंद थांबायचं, मोकळा हात वर करायचा, अधिकाऱ्याला बोलवायचं. काडतूस उशिरा पेटू शकतं. लगेच बोल्ट ओढून डोकावणाऱ्या माणसाला मी रेंजबाहेर काढलेलं आहे, आणि तो अजून माझ्याशी बोलत नाही. दुसरा प्रकार जास्त घातकी. बार होतो, पण फुसका. गोळी नळीतच अडकून बसते. पुढची गोळी तिच्यावर आदळली तर नळी फुगते, प्रसंगी हाताला इजा होते. उघड्या कानाला तो पोचट आवाज चटकन कळतो. फोम आणि मफ दोन्ही लावलेल्याला कळेलच असं नाही. म्हणून हाताला शिकवायचं: झटका नेहमीसारखा आला का? पुंगळी बाहेर पडली का? समोर भोक दिसलं का? तिन्हींपैकी एकाचंही उत्तर नाही असेल तर थांबा आणि नळी तपासून घ्या. क्लबमध्ये शेजारच्या जोडीदाराला "माझा आवाज ऐक" म्हणून सांगून ठेवायची आमच्याकडे पद्धत आहे, ती चांगली आहे.

काडतुसं मूळ डबीतच ठेवावीत, कोरड्या आणि थंड जागी, कुलपात. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवलेल्या डबीतलं मेण वितळून गोळ्या डबीला चिकटतात. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका.

आणि शिसं. रिमफायरच्या पेटवण्याच्या मिश्रणातही शिसं असतं, गोळीत तर असतंच. बार झाला की त्याची बारीक धूळ हातावर, बाहीवर, टेबलावर बसते. बंद रेंजवर हवा खेळती नसेल तर नाकातही जाते. आता आठवा, फोमचा प्लग कशाने वळतो आपण? त्याच बोटांनी. फेरी संपली, प्लग काढला, टेबलावर ठेवला, चहा घेतला, पुन्हा वळून कानात. कान आणि हात दोन्ही मळले. म्हणून प्लग रेंजवर जाण्याआधी, धुतलेल्या हातांनी बसवा. मधल्या सुट्टीत काढलेत तर नवी जोडी. हात साबणाने, थंड पाण्याने धुतल्याशिवाय कँटीनच्या वडापावला शिवू नका. घरी गेल्यावर तो शर्ट लहान मुलाला उचलून घेण्याआधी बदला.

राहिले मागच्या बाकावरचे आईवडील. रांगेच्या मागे आवाज थोडा कमी असतो हे खरं, पण छपराखाली फारसा नाही, आणि लेकराच्या सरावाला आई वर्षातले शंभर दिवस तिथे बसते. तिच्याही पर्समध्ये फोमची जोडी हवी. धाकटं भावंड बरोबर असेल तर त्याला लहान मुलांच्या मापाचा मफ, नाहीतर रेंजच्या बाहेर, झाडाखाली.

नवीन माणसाला मी शेवटी एक काम देतो. पहिली गोळी झाडण्याआधी कानाच्या दवाखान्यात जाऊन ऑडिओग्राम काढून आणायचा. पंधरा-वीस मिनिटं लागतात, बंद खोलीत बसून 'टुक' ऐकू आलं की बटण दाबायचं. तो कागद पिस्तुलाच्या पेटीत, झाकणाच्या आत चिकटवायचा. दर वर्षी त्याच महिन्यात नवा काढून शेजारी लावायचा आणि ४००० च्या रकान्यात रेघ खाली आली का ते बघायचं. माझ्या पेटीत असे अकरा कागद आहेत. पहिल्यावरच डाव्या कानाची रेघ तिथे खड्ड्यात गेलेली आहे. बाकीचे दहा जवळजवळ तसेच.